जाहिरातीतला कोड: बघणाऱ्याच्या कामाचा की छापणाऱ्याच्या?

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल सोडलं की पार सावंतवाडीपर्यंत जाहिरातींचे फलक काही संपत नाहीत. एनए (बिगरशेती) प्लॉट, समुद्र दिसणारे बंगले, होमस्टे, काजूगर, आंब्याच्या पेट्यांचं आगाऊ बुकिंग. गणपतीच्या आधी चाकरमानी गावी यायला लागले की त्यांत स्वागताच्या बॅनरांची भर पडते. यांतल्या बऱ्याच फलकांच्या एका कोपऱ्यात आता काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, असतो आणि त्याखाली लिहिलेलं असतं, ‘स्कॅन करा’.

तोच चौकोन वडापावच्या गाडीवर असला की आपण न विचारता फोन पुढे करतो. जाहिरातीतला मात्र बहुतेक जण नुसता बघतात आणि पुढे जातात. कोड तोच, फोन तोच, माणूसही तोच. मग वागण्यात एवढा फरक का, आणि जाहिरातीतला कोड खरोखर कुणाच्या उपयोगाचा असतो, हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे आंबा, पर्यटन आणि जमीन या तिन्ही धंद्यांत तो शिरलाय, म्हणून तर जास्तच.

## त्या चौकोनात असतं तरी काय?

क्यूआर म्हणजे ‘क्विक रिस्पॉन्स’, चटकन उत्तर देणारा. हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने तयार केला. गरज होती मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवण्याची. साबणावर, बिस्किटांवर उभ्या रेघांचा जो बारकोड असतो, त्यात जेमतेम वीसेक अक्षरं मावत. चौकोनी कोडमध्ये आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी माहिती भरता येते, त्यामुळे तो हजारो अक्षरं सामावून घेतो. कंपनीने पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. जगभर तो पसरला याचं हे मोठं कारण.

तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला कोड कुठे आहे आणि कोणत्या बाजूने धरलाय ते सांगतात, म्हणून उलटा धरला तरी तो वाचला जातो. उरलेल्या बारीक ठिपक्यांमध्ये मजकूर असतो आणि त्या मजकुराची दुरुस्ती करता येईल अशी जादा माहितीही असते. सर्वांत पक्क्या प्रकारात जवळजवळ ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड चालतो. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या पाटीवरचा कोडही कधी कधी उघडतो, तो या सोयीमुळे.

ठिपक्यांत लपलेला हा मजकूर म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजेच लिंक. बाकी काही नाही. कोड म्हणजे हमरस्त्यावरच्या फाट्याला लावलेली गावाची पाटी. पाटी वाट दाखवते. पुढचा रस्ता डांबरी आहे की चिखलाचा, घराला कुलूप आहे की दिवा लागलाय, हे तिला ठाऊक नसतं. जाहिरातीतल्या कोडविषयीचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. कोड आहे म्हणजे धंदा खरा, कोड आहे म्हणजे सरकारी मान्यता, असं काहीही नाही. कोड कुणीही दोन मिनिटांत फुकट बनवू शकतो.

## छापणाऱ्याला तो का आवडतो?

कोड दोन जातींचे. एक कायमचा: त्यात शेवटचा पत्ता थेट भरलेला असतो, पुढे बदलता येत नाही, बंदही पडत नाही. दुसरा बदलता: त्यात मधल्या एका कंपनीचा छोटा पत्ता असतो आणि ती कंपनी तुम्हाला खऱ्या पानावर नेऊन सोडते. जाहिरातवाल्यांना दुसरा आवडतो. पत्रक छापून झाल्यावरही पुढचं पान बदलता येतं आणि मुख्य म्हणजे मोजणी होते. किती वेळा स्कॅन झाला, किती वाजता, कोणत्या प्रकारच्या फोनवरून, साधारण कोणत्या भागातून. गाव नेमकं कळेलच असं नाही. मोबाइल नेटवर्कवर बरेचदा जवळचं मोठं शहरच दिसतं. तुमचं नाव किंवा नंबर नुसत्या स्कॅनने जात नाही. तुम्ही फॉर्म भरलात किंवा उघडलेल्या व्हॉट्सॲप चॅटवर निरोप पाठवलात, तर जातो.

मोजणी हवीशी वाटणं यात गैर काही नाही. चिपळूणच्या फलकावर खर्च करावा की कणकवलीच्या, हे दुकानदाराला कळायला हवंच. पण त्यामुळे एक गोष्ट होते. कोड छापण्याचं कारण छापणाऱ्याकडे पक्कं असतं आणि स्कॅन करण्याचं कारण वाचणाऱ्याला दिलेलं नसतं. नुसतं ‘स्कॅन करा’ म्हटल्याने काय मिळणार ते कळत नाही. ‘अधिक माहितीसाठी’ हेही तितकंच पोकळ. ‘खोल्यांचे आजचे दर बघा’ असं लिहिलं, तर माणूस फोन बाहेर काढायचा विचार तरी करेल.

## मग पैशाचा कोड सगळेच का स्कॅन करतात?

कारण तिथे माणसाचं ठरलेलं असतं. २०१६ मध्ये यूपीआय आलं. रत्नागिरीच्या मच्छीबाजारात सुरमई घेऊन झाल्यावर पैसे द्यायचे हे नक्की असतं. सुट्या पैशांची कटकट कोड सोडवतो. गरज आधी, कोड नंतर. शिवाय माणूस थांबलेला असतो, कोड हातभर अंतरावर असतो, आणि पैसे पोचल्याचा आवाज विकणाऱ्याच्या डबीतून लगेच येतो. फायदा कोणता आणि तो कधी मिळणार, याविषयी शंकाच नसते.

जाहिरातीत याच्या उलट. गरज अजून निर्माण व्हायची असते आणि तिच्या आधीच फोन काढा, कॅमेरा लावा, पान उघडेपर्यंत थांबा, असं सांगितलं जातं. लोक आळशी आहेत किंवा त्यांना तंत्रज्ञान कळत नाही, हे स्पष्टीकरण मला अजिबात पटत नाही. सत्तरीतल्या आजीही आता किराणा दुकानात बिनचूक कोड वापरतात. त्यांना कळतं सगळं. आपला वेळ कशाला घालवावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

गुहागरकडच्या एका होमस्टेच्या काकूंनी फाटकावरच्या पाटीत कोड टाकून घेतला होता. त्या सांगत होत्या, “कोड आहे हो, पण येणारे फोनच करतात. विचारतात काय, तर उकडीचे मोदक मिळतील का, गाडी दारापर्यंत येते का, आजोबांना गुडघ्यांमुळे चढ झेपेल का.” कोड उघडून पाहिला. समुद्राचे पाच सुरेख फोटो, सूर्यास्त, एक झोपाळा. मोदक नाहीत, गाडी नाही, चढाचा उल्लेख नाही. पाहुण्यांना पडलेल्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्या पानावर नव्हतं. मग फोन करणारे चुकले कुठे?

## धावत्या गाडीतून कसा वाचायचा?

ढोबळ नियम असा, की कोड जेवढा रुंद त्याच्या दहापट अंतरावरून तो नीट वाचला जातो. अडीच सेंटीमीटरचा कोड वीतभर अंतरावरून. पंधरा मीटरवरच्या फलकासाठी तो दीड मीटर रुंद हवा. तेवढा तो कुणी छापत नाही, फलकाची सगळी जागा खाऊन टाकेल. आणि छापला तरी ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. म्हणजे फोन खिशातून निघण्याआधी फलक मागे पडलेला असतो. चालवणाऱ्याने तर फोनला हातच लावू नये. महामार्गाच्या फलकावरचा कोड माझ्या मते निव्वळ वाया गेलेली जागा आहे, आणि चालकाला मोह पडला तर धोकाही. तिथे मोठ्या अक्षरात नाव आणि गाव पुरतं.

रेल्वेच्या डब्यात माणूस निवांत बसलेला असतो, तिथे चालावा ना? चालतो, रेंज असेल तिथे. पण कोकण रेल्वेवर बोगद्यामागून बोगदा. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. कोड वाचायला नेट लागत नाही, ठिपके फोन स्वतःच वाचतो. पण पुढचं पान उघडायला लागतंच. घाटातल्या धाब्यावर आणि खाडीकाठच्या वाडीतही हीच अडचण.

सर्वांत चमत्कारिक प्रकार व्हॉट्सॲपवर चालतो. छापायला केलेली जाहिरात तशीच्या तशी ग्रुपवर टाकली जाते, खाली कोड. आता ज्या फोनच्या पडद्यावर कोड दिसतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? काही फोनमध्ये चित्रातला कोड ओळखायची सोय असते, पण ती किती जणांना माहीत असते? फोनवर पाठवायच्या जाहिरातीत कोडऐवजी थेट लिंक द्यावी, बोट लावलं की उघडणारी.

## अमेरिकेतल्या त्या जाहिरातीने तर संकेतस्थळ बंद पाडलं होतं ना?

हो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल या तिथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात कॉइनबेस या आभासी चलनाच्या कंपनीने मिनिटभर पडद्यावर फक्त एक रंग बदलत फिरणारा कोड दाखवला. कंपनीच्या सांगण्यानुसार एका मिनिटात दोन कोटींवर भेटी आल्या आणि त्यांची यंत्रणा काही काळ कोलमडली. कोडच्या ताकदीचा दाखला म्हणून हे उदाहरण हमखास दिलं जातं.

पण परिस्थिती बघा. लोक घरात सोफ्यावर, फोन हाताशी, नेट चांगलं, पूर्ण एक मिनिट वेळ, पडद्यावर दुसरं काहीच नाही, आणि नव्याने नाव नोंदवणाऱ्याला चलनाची भेट. शिवाय असं पहिल्यांदाच कुणीतरी करत होतं. कुतूहल एकदाच चालतं. दहाव्या जाहिरातीत तोच कोड फिरला असता तर लोक चहा ठेवायला उठले असते.

## जमिनीच्या जाहिरातीतला कोड मात्र स्कॅन कराच

ज्यांना कोकणात सेकंड होम किंवा प्लॉट घ्यायचाय, त्यांनी इथे थांबून वाचावं. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात स्थावर मालमत्तेच्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. नाही छापला तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महारेरा म्हणजे बिल्डर आणि विकासकांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण.

हा कोड बाकीच्या कोडांहून वेगळा आहे. बाकीचे कोड जाहिरातदाराने सजवलेल्या पानावर नेतात. हा प्राधिकरणाच्या नोंदीवर नेतो. तिथे विकासकाचं नाव, प्रकल्पाची नोंदणी कधी झाली, ताबा द्यायची तारीख काय कबूल केलीय, ती पुढे ढकललीय का, मंजूर आराखड्यात काय बदल झाले, तक्रारी आहेत का, हे दिसतं. फलकावर निळा समुद्र आणि हिरवळ. कोडमागे तारखा आणि कागद. जाहिरात वाचणाऱ्याच्या मनात जो खरा प्रश्न असतो, ‘हा माणूस मला फसवणार तर नाही ना’, त्या दिशेने हा कोड थोडं तरी नेतो.

तरी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, उघडलेला पत्ता खरंच सरकारी आहे ना ते बघावं. पत्त्यातल्या मुख्य नावाचा, म्हणजे पहिल्या तिरक्या रेघेआधीच्या भागाचा, शेवट ‘gov.in’ (जीओव्ही डॉट इन) असा असतो. दुसरी, छोट्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे: जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर. म्हणजे कोड नसणं हा प्रत्येक वेळी गुन्हा नाही, पण दहा एकरांचे तुकडे पाडून विकणारा ‘आम्हाला लागत नाही’ म्हणाला तर सावध व्हावं. तिसरी, कोड प्रकल्पाची नोंद दाखवतो, जमिनीचा इतिहास नव्हे. सातबारा, फेरफार, सामायिक हिस्सेदार, घरातल्या कुणाची सही राहिलीय का, हे गावात जाऊन आणि वकिलाकडूनच तपासावं लागतं. कोकणात एकेका सातबाऱ्यावर किती नावं असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. आणि शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, हे फलकावर कुणी लिहीत नाही.

औषधांच्या बाबतीतही असंच काहीसं आहे. त्याच तारखेपासून, १ ऑगस्ट २०२३ पासून, ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड लागतो. बॅच क्रमांक, मुदत, उत्पादक त्यातून पडताळता येतात. ही जाहिरात नाही, पण उपयोगी कोड कसा असतो याचा नमुना आहे.

## हापूसच्या पेटीवरच्या कोडवर किती विश्वास ठेवायचा?

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच ते नाव लावता येतं. तरी हंगामात वाशीपासून पुण्यापर्यंत बाहेरच्या राज्यांतला आंबा देवगड-रत्नागिरीच्या नावाने विकला जातो. बागायतदाराने मोहोरापासून फवारण्या करायच्या, थ्रिप्सची कीड आणि अवकाळी पाऊस सोसायचा, आणि भाव दुसऱ्याच्या फळाने पाडायचा. यावर उपाय म्हणून पेट्यांवर, काही ठिकाणी फळांवरही, कोडचे स्टिकर लागायला लागले. स्कॅन केला की बाग कुठली, बागायतदार कोण, ते दिसतं.

याचा मला मनापासून आनंद आहे, पण मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. स्टिकर खरा असणं आणि आतलं फळ खरं असणं या दोन गोष्टी आहेत. सगळ्या पेट्यांवर एकच कोड असेल तर त्याचा फोटो काढून हजार स्टिकर कुणीही छापेल, आणि ते सगळे त्याच खऱ्या बागेच्या पानावर नेतील. प्रत्येक पेटीला किंवा फळाला वेगळा क्रमांक असेल आणि तो आधी किती वेळा स्कॅन झालाय ते दिसत असेल, तरच नक्कल पकडता येते. मुलुंडच्या गिऱ्हाइकाने स्कॅन केल्यावर ‘हा कोड यापूर्वी चाळीस वेळा तपासला गेला आहे’ असं आलं, तर त्याने पेटी परत करावी. रिकामी खोकी गोळा करून पुन्हा भरणारे असतातच, म्हणून पेटीपेक्षा फळावरचा स्टिकर जास्त भरवशाचा. त्यात मजुरी वाढते, हेही खरं. बागायतदाराला त्याचा वाढीव भाव मिळाला तरच हे टिकेल.

## स्कॅन केल्याने खात्यातले पैसे जातात का?

नुसत्या स्कॅनने नाही. पैसे जातात ते त्यानंतर तुम्ही पिन टाकून किंवा दुसऱ्या प्रकारे पैसे द्यायला मंजुरी दिलीत तर, किंवा उघडलेल्या खोट्या पानावर ओटीपी, कार्डाचा नंबर भरलात, अनोळखी ॲप उतरवून घेतलंत तर. यूपीआयचा पिन पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही.

आपल्याकडे याचा गैरफायदा एका ठरलेल्या पद्धतीने घेतला जातो. होमस्टेवाल्याला किंवा आंबेवाल्याला फोन येतो: “लष्करातून बोलतोय, वीस पेट्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा.” कोड पैसे घेण्याचा म्हणून पाठवलेला असतो, असतो मात्र देण्याचा. असा फोन आला की ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं. जितकं लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. खऱ्या कोडवर दुसरा स्टिकर चिकटवण्याचे प्रकारही होतात. कडा उचललेली दिसली तर नखाने तपासून बघावं, आणि पान उघडण्याआधी फोन जो पत्ता दाखवतो तो वाचायची सवय लावावी.

## मग छोट्या धंदेवाल्याने कोड छापूच नये का?

छापावा, पण माणूस जिथे थांबतो तिथे. एसटी स्टँडच्या बाकासमोर, खानावळीच्या टेबलावर, होमस्टेच्या खोलीत, बिलावर. सोबत फोन नंबर मोठ्या अंकांत हवाच. साधा फोन वापरणाऱ्यालाही तो उपयोगी आणि तोंडी सांगता येतो. घर वाडीच्या आत असेल तर कोड थेट नकाशावरच्या ठिकाणावर न्यावा. ‘देवळामागे, आंब्याच्या झाडाखालून डावीकडे’ हे रात्री आठ वाजता पोचणाऱ्या पुणेकराला उमगत नाही. चौकशी हवी असेल तर व्हॉट्सॲपचं चॅट उघडणारा कोड सर्वांत सोपा.

छपाईचंही थोडं. पत्ता जितका लांब तितके ठिपके बारीक, म्हणून तो छोटा ठेवावा. काळ्यावर पांढरा किंवा फिक्या रंगातला कोड टाळावा, भोवती कोरी कड सोडावी, चकचकीत लॅमिनेशनवर ऊन पडलं की कॅमेरा आंधळा होतो. ‘फुकट’ म्हणून बनवलेला बदलता कोड चाचणीची मुदत संपली की बंद पडतो आणि हजार पत्रकं रद्दी होतात; पत्ता बदलायचा नसेल तर कायमचाच घ्यावा. छापण्याआधी घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर तपासावा.

आणि आंबेवाल्यांसाठी एक जागा तर तयारच आहे: पेटीच्या आत, गवतावर ठेवलेली चिठ्ठी. पुण्यातलं गिऱ्हाईक पेटी उघडतं, फळं हिरवी आणि कडक, त्याला वाटतं कच्चे पाठवले. दर हंगामात तोच फोन येतो. त्या चिठ्ठीवरचा कोड एका साध्या पानावर न्यावा: अढी कशी घालायची (म्हणजे आंबे गवतात कसे पिकवायचे), फ्रिजमध्ये का ठेवायचे नाहीत, रोज उलटून कसे बघायचे, वास यायला लागला आणि साल पिवळी झाली की काय करायचं, आणि खराब निघालेल्या फळाचा फोटो कुठे पाठवायचा. पानाच्या तळाशी पुढच्या हंगामाच्या बुकिंगचा नंबर.